कडेत मारलेला खिळा बोटात: बॅटरीवरच्या नेल गनचं एक प्रकरण

फर्निचरच्या कामात वारंवार एकत्र येणाऱ्या चुका जोडून हे प्रकरण मांडलं आहे. त्यातली मापं कुणालाही आपल्या फळीवर ताडून पाहता येतील.

काम साधं होतं. कपाटाच्या सहा फळ्या, १८ मिमी प्लायवूडच्या, प्रत्येकी २४०० मिमी लांब. दोन्ही लांब कडांना ८ मिमी जाड, २० मिमी रुंद लाकडी पट्टी गोंदाने बसवायची आणि गोंद धरेपर्यंत ती हलू नये म्हणून दर १५० मिमीला एक खिळा मारायचा. एका कडेला १७ खिळे, बारा कडांना २०४. हातोडीने एवढे खिळे मारत बसलं तर वेळ जातो आणि बारीक पट्टी मध्येच फाटते, म्हणून १८ व्होल्ट बॅटरीची, १८ गेजची नेल गन वापरली होती. या गेजचा खिळा जेमतेम १.२ मिमी जाड असतो. भोक डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यामुळेच त्याची भीतीही वाटत नाही.

कारागीर अनुभवी होता. हाताशी एक मदतनीस होता. गन कॉन्टॅक्ट मोडवर होती, म्हणजे ट्रिगर दाबून धरायचा आणि गनचं तोंड लाकडावर टेकवत जायचं. जितक्या वेळा टेकेल तितके खिळे सुटतात. फळी जमिनीवर लांब कडेवर उभी, एक टोक भिंतीला टेकलेलं. ओल्या गोंदावर पट्टी साबणासारखी घसरते. दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर राहायला हवी ती एकीकडे सरकते, म्हणून डाव्या हाताने फळीची वरची कड मुठीत धरून, अंगठा एका अंगाला आणि चार बोटं दुसऱ्या अंगाला लावून तो पट्टी चाचपत होता. गन उजव्या हातात.

पहिल्या अडीच फळ्या बिनतक्रार झाल्या. तिसऱ्या फळीच्या दुसऱ्या कडेवर, ९५ खिळे झाल्यावर, गन थांबली. अनेक गनमध्ये मॅगझिनमध्ये, म्हणजे खिळे भरायच्या कप्प्यात, थोडेच खिळे उरले की ट्रिगर आपोआप बंद होतो, कारण खिळा नसताना खिळ्याला ढकलणारं आतलं पातं रिकामं आदळलं तर ते खराब होतं. कारागिराला वाटलं, खिळा अडकला. त्याने गन उलटी करून तोंडात डोकावून पाहिलं. बॅटरी जागेवरच होती. मग उरलेले पाच खिळे दिसले, ते काढून खिशात टाकले आणि नवी लड, म्हणजे गोंदाने जोडलेल्या खिळ्यांची ओळ, भरली. २५ मिमीचे खिळे संपले होते, हाताशी ४० मिमीचे होते. बॅटरी अजूनही लावलेलीच.

नव्या लडीतला तिसरा खिळा फळीच्या डाव्या अंगातून बाहेर आला, वरच्या कडेपासून साधारण २२ मिमी खाली. बाहेर आलेलं टोक ६ मिमी होतं आणि ते मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला, मधल्या सांध्याच्या घडीजवळ घुसलं. हात झटक्यात मागे आला, टोक बोटातून निघालं. त्याच झटक्यात उजवा हात आवळला गेला, ट्रिगर दाबलेलाच होता, गनचं तोंड पुन्हा पट्टीला लागलं आणि आणखी एक खिळा तिरका सुटला. तो पट्टीत रुतला, कुणाला लागला नाही. रक्त दोन थेंब आलं.

खिळा वळला कसा

गन सरळ धरली होती. कडेचा मध्य चुकला नव्हता. खिळा दोन्ही अंगांपासून ९ मिमीवरच शिरला. तरीही तो बाहेर आला, कारण बारीक खिळा गन रोखलेल्या दिशेने जात नाही, लाकूड वाट देईल तिकडे जातो. प्लायवूडच्या कडेत एकाआड एक थर उलट्या दिशेच्या तंतूंचे असतात आणि मध्ये कडक गोंदाचे पापुद्रे. कुठे गाठ, कुठे पोकळी. टोक अशा एखाद्या कडक जागी अडखळलं की घसरतं, आणि मागून पातं ढकलत असतंच, १.२ मिमी जाडीचा खिळा मग तारेसारखा वाकत पुढे जातो.

कुठल्या बाजूला वळेल हे मात्र पूर्ण नशिबावर नसतं. लडीतला एक खिळा मोडून त्याचं टोक बोटाने न चाचपता उजेडात पाहावं: ते सुईसारखं गोल नसतं, छिन्नीसारखं असतं, दोन उतार आणि मध्ये धार. वळायचं झालं तर खिळा या उतारांच्या दिशेने वळतो, आणि लडीत हे उतार गनच्या डाव्या-उजव्या अंगाला असतात. या कारागिराने मॅगझिन कडेच्या लांबीला समांतर धरलं होतं, कारण तशी गन कडेवरून सरकवायला सोपी पडते. त्यामुळे उतार फळीच्या दोन अंगांकडे तोंड करून होते, म्हणजे थेट बोटांकडे. गन ९० अंशांत फिरवून मॅगझिन कडेला काटकोनात धरलं असतं, तर तोच खिळा वळूनही फळीच्या लांबीतच राहिला असता. तिकडे हवं तेवढं लाकूड आहे. गन अशी धरली की कोपर जरा अवघडल्यासारखं होतं. दहा मिनिटांत सवय होते.

लांबीचा हिशोब याहून बोलका आहे. ४० मिमी खिळ्यातले ८ मिमी पट्टीत गेले, ३२ मिमी प्लायवूडसाठी उरले. खिळा पहिले १२ मिमी सरळ गेला. मग वळला आणि १४ मिमीच्या वळणात अंगाच्या पृष्ठभागापर्यंत पोचला. १२ आणि १४ मिळून २६; ३२ मधून ते वजा केले की ६ मिमी बाहेर. आता हाच हिशोब २५ मिमीच्या खिळ्याचा: पट्टीत ८, प्लायवूडमध्ये १७. तोच अडथळा १२ मिमीवर लागला असता तरी वळायला फक्त ५ मिमी उरले असते आणि टोक लाकडाच्या आतच थांबलं असतं. पहिले ९५ खिळे निमूट गेले ते याच कारणाने. त्यातले काही आत वळलेही असतील, कुणाला कळलं नाही.

सुतारकामात सर्वसाधारण नियम असा की खिळ्याची लांबी बसवायच्या तुकड्याच्या जाडीच्या अडीच ते तीन पट असावी. ८ मिमी पट्टीला २० ते २५. गोंद असताना तर खिळ्याचं काम गोंद सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवणं एवढंच असतं, त्यामुळे लांब खिळ्याने जोड मजबूत होईल ही समजूत इथे लागू होत नाही. ४० मिमीच्या खिळ्याने इथे काहीच मिळालं नाही. तो फक्त हाताशी होता.

हात तिथे का होता

इथे ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून पुढे जाणं सोपं आहे, पण त्याने पुढची फळी सुरक्षित होत नाही. हात तिथे होता कारण पट्टी घसरत होती आणि तिला धरायला दुसरं काही नव्हतं. काम असं मांडलं होतं की बोटांशिवाय ते होणारच नव्हतं.

अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थांनी २०११ साली बांधकाम ठेकेदारांसाठी नेल गनची मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार नोंदलेल्या इजांपैकी निम्म्याहून जास्त हाताला आणि बोटांना होतात, आणि हाताच्या अशा इजांपैकी चौथा हिस्सा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), सांधे, नसा किंवा हाडापर्यंत पोचतो. हात खिळ्याच्या जागेपासून किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब ठेवा, असं तिथे सांगितलं आहे. ४० मिमीच्या खिळ्याला ३०० मिमीचं अंतर जास्त वाटतं. पण त्यात फक्त खिळ्याचं वळण धरलेलं नाही. झटक्याने उडालेली गन आणि दुसऱ्यांदा सुटलेला खिळाही त्यात येतो.

पट्टी घसरू नये यासाठी जुनी युक्ती आहे. प्लायवूडच्या कडेत दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन छोटे खिळे हातोडीने अर्धे ठोकायचे आणि कटरने असे कापायचे की २ मिमी टोक वर राहील. कापताना उडणारा तुकडा हाताने झाकावा. गोंद लावून पट्टी जागेवर दाबली की ही टोकं तिच्यात रुततात आणि पट्टी जागची हलत नाही. मग दर २०० मिमीवर मास्किंग टेपचा तुकडा आडवा ताणून लावायचा. फळी पायांत किंवा भिंतीला टेकवून नाही, दोन ठोकळ्यांच्या मध्ये उभी करून क्लॅम्पने आवळायची. एवढं झालं की डाव्या हाताला कडेवर काही काम उरत नाही. तो गनच्या वरच्या भागावर किंवा पाठीमागे. तयारीला प्रत्येक कडेमागे पाच-सात मिनिटं जातात. दिवस थोडा लांबतो, हे खरं.

मोडचा प्रश्न

कॉन्टॅक्ट मोडमध्ये गन चालवणारा एका वेळी दोन गोष्टींवर विसंबतो: ट्रिगर दाबून ठेवलेलं बोट आणि तोंडावरची, टेकवल्यावर आत दबणारी सेफ्टी टिप. बोट दाबलेलं असतं तेव्हा टिप ही एकच कडी उरते, आणि टिपेला लाकूड, मांडी, दुसऱ्याची पाठ यातलं काही ओळखता येत नाही. खिळा सुटला की गन उसळते. वापरणारा तिला परत दाबतो, टिप पुन्हा आत जाते, दुसरा खिळा सुटतो. गन घट्ट दाबून धरणाऱ्यालाच हे जास्त होतं. दुसरा खिळा पहिल्याच्या डोक्यावर पडला तर तो कुठे उडेल ते सांगता येत नाही. वरच्याच मार्गदर्शिकेप्रमाणे कॉन्टॅक्ट ट्रिगरवर इजेची जोखीम सिक्वेन्शियल, म्हणजे आधी टेकवून मग दर खिळ्याला दाबायच्या, ट्रिगरच्या दुप्पट असते.

पूर्ण सिक्वेन्शियल मोडमध्ये आधी टिप, मग ट्रिगर. दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा खिळा सुटत नाही. काही गनमध्ये याचाच सैल प्रकार असतो: टिप दाबलेलीच ठेवून फक्त ट्रिगर सोडून पुन्हा दाबला तरी खिळा सुटतो. आपली गन नेमकी कशी आहे, हे लाकडाच्या तुकड्यावर दोन मिनिटांत कळतं. तुकडा क्लॅम्पमध्ये, डोळ्यांवर चष्मा, मॅगझिनमध्ये १० तरी खिळे. आधी तोंड तुकड्याच्या दिशेला ठेवून, न टेकवता ट्रिगर दाबावा. काही सुटता कामा नये. मग ट्रिगर दाबलेलाच ठेवून तोंड टेकवावं. सिक्वेन्शियल असेल तर इथेही काही होत नाही, खिळा सुटला तर गन कॉन्टॅक्ट मोडवर आहे. मग बोट सोडून तोंड टेकवून ट्रिगर दाबावा, एक खिळा जाईल. शेवटी तोंड न उचलता ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा. पूर्ण सिक्वेन्शियल गन गप्प राहील. शिफ्टच्या सुरुवातीला आणि गन दुसऱ्याकडून हातात आली की ही तपासणी करावी, कारण मोडची कळ छोटी असते आणि पिशवीत सरकते.

कॉन्टॅक्ट मोड निवडण्यामागे या कामात घाई होती का? दर खिळ्याला सेकंदभर वाचतो असं धरलं तर २०४ खिळ्यांत साडेतीन मिनिटांच्या आतच वाचतात. खरं कारण बहुतेक वेळा दुसरं असतं. फिरणाऱ्या चाकावर चालणाऱ्या गनमध्ये सिक्वेन्शियल मोडवर तोंड टेकल्यावर चाक वेग घेईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं आणि तो थांबा हाताला खटकतो. दाबलेल्या हवेच्या किंवा वायूच्या बंद सिलिंडरवर चालणाऱ्या गनमध्ये हा थांबा जवळपास नसतो. रोज कडेला अशा पट्ट्या बसवायचंच काम असेल तर गन घेताना हे पाहून घेतलं पाहिजे. उगाच मोडशी भांडण नको.

बॅटरी म्हणजे नळी

कॉम्प्रेसरवरची गन सतत आठवण करून देते. मागे नळी ओढत असते, ती काढली की फुस्स आवाज येतो, मग गन निर्जीव. बॅटरीच्या गनला असलं काही नाही. ती टेबलावर पडलेली असली तरी पुढचा खिळा तयार असतो आणि आवाज शून्य. तिच्या तोंडात डोकावून पाहणं हा या प्रकरणातला बोटापेक्षाही वाईट क्षण होता, फक्त त्या वेळी काही घडलं नाही म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही.

नियम एकच धरावा: लड भरताना, खिळा अडकल्यावर, गन दुसऱ्याच्या हातात देताना, शिडी चढताना आणि जेवायला उठताना बॅटरी बाहेर. इंधनाची छोटी नळकांडी वापरणारी गन असेल तर बॅटरी आणि नळकांडी दोन्ही.

अडकलेला खिळा काढताना आणखी एक गोष्ट फसवते. बॅटरी काढली म्हणजे गनमधला सगळा जोर गेला असं नाही. सिलिंडरवाल्या गनमध्ये दाब आत कायम असतो आणि अडकलेल्या खिळ्यामागे पातं ताणलेलं असू शकतं. खिळा ओढला की पातं पुढे झेप घेतं. म्हणून बॅटरी काढून मॅगझिनमधली लडही काढावी, तोंडाची झडप कडी सोडून उघडावी, तोंड जमिनीकडे आणि अंगापासून लांब ठेवावं, खिळा पकडीने ओढावा, बोटाने नाही. चाकवाल्या काही गनवर पातं मागे घ्यायला वेगळी कळ असते, ती वापरावी. बॅटरी परत लावण्याआधी सेफ्टी टिप लाकडावर दाबून सोडावी: ती चटकन बाहेर आली पाहिजे. सुकलेला गोंद आणि भुसा यांनी ती अर्ध्यात चिकटते, आणि चिकटलेली टिप म्हणजे ट्रिगरला हात लागला की खिळा. टिप बांधून किंवा स्प्रिंग काढून चालवलेली गन कुठे दिसली तर ती कामावरून बाजूला करावी, दुरुस्त होईपर्यंत.

खिळे वारंवार अडकत असतील तर कारण बहुधा लहान असतं: बॅटरी उतरलेली, चुकीच्या गेजची लड, वाकलेली लड किंवा मॅगझिनमध्ये पडलेले गोंदाचे कण. खिळ्याचं डोकं वर राहतं म्हणून गन आणखी जोराने दाबणं हा त्यावर उपाय नाही. खिळा किती खोल जावा ते ठरवणारं चाक फिरवावं किंवा बॅटरी बदलावी.

बोटाचं पुढे

जखम टाचणीएवढी होती. पाण्याने धुतली, चिकटपट्टी लावली, उरलेल्या साडेतीन फळ्या त्याच दिवशी झाल्या. रात्री बोट ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सगळीकडून सुजलं होतं, अर्धवट वाकलेलं राहत होतं आणि कुणी सरळ करायला गेलं की कळ तळहातापर्यंत जात होती. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. पण बोट वाकवणारी कंडरा ज्या आवरणातून सरकते त्यात संसर्ग पसरला होता. ऑपरेशन थिएटरमध्ये ते आवरण उघडून धुवावं लागलं, शिरेतून प्रतिजैविकं, आणि नंतर बोट पुन्हा मुठीत यायला कित्येक आठवड्यांचा व्यायाम.

बोटाच्या आतल्या बाजूला, घडीजवळ, हे आवरण त्वचेखाली काही मिलिमीटरवरच असतं. ६ मिमीचं टोक तिथे पुरून उरतं. खिळ्यासोबत लाकडाचे तंतू, धूळ आणि लड चिकटवणारा गोंद आत जातो, आणि भोक इतकं बारीक की ते लगेच मिटतं. घाण आत कोंडते. मोठ्या कापल्या जखमेला सगळे दवाखान्यात धावतात, या जखमेला कुणी धावत नाही.

बोटाला किंवा तळहाताला खिळा लागला तर तेवढ्यापुरतं काम थांबवून, साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. लागला त्याच लडीतला एक खिळा सोबत न्यावा. त्यावरून लांबी, जाडी आणि लेप डॉक्टरांना लगेच कळतात. धनुर्वाताची शेवटची लस पाच वर्षांहून जुनी असेल तर अशा खोल, मळकट जखमेत पुन्हा घ्यावी लागते, तेव्हा ती तारीख आठवून ठेवावी. खिळा अंगात रुतलेलाच असेल तर जागेवर ओढू नये. तो हलणार नाही असा आधार देऊन तसंच न्यावं. डोळा, मान, छाती, पोट इथे तर कधीच नाही.

या कामात डोळ्यांवर चष्मा नव्हता, हेही नोंदवायला हवं. बाजूंनी झाकलेला सुरक्षा चष्मा वापरणाऱ्याने घालावा आणि मदतनिसानेही. मदतनिसाने फळीच्या समोरच्या अंगाला उभं न राहता टोकाला उभं राहावं. पातळ तुकड्यातून खिळा आरपार जातो.

पुढच्या वेळी असं काम हाती घेताना त्याच प्लायवूडचा आणि त्याच पट्टीचा फूटभर तुकडा क्लॅम्प करून, ठरलेल्या लांबीचे दहा खिळे ठरलेल्या पद्धतीने मारावेत आणि दोन्ही अंगं पाहावीत. एकही टोक बाहेर दिसलं तर खिळा छोटा घ्यावा. डोकं १ ते १.५ मिमी खाली बसलं पाहिजे, नाहीतर पट्टी रंधताना पातं त्याला लागेल. आणि फळीतून बाहेर आलेला खिळा हातोडीने परत ठोकू नये, तो दुसरीकडून निघेल. टोक पकडीने धरून बाहेर ओढावं. हे खिळे बारीक डोक्याचे असल्यामुळे बहुतेक वेळा पूर्ण निघतात. नाही निघाला तर कटरने पृष्ठभागालगत कापून उरलेलं टोक पंचाने आत बसवावं आणि वर पुट्टी भरावी.